घरकुल आणि मागे राहिलेली माणसे

घरकुलाविषयी आपल्याकडे पुष्कळ बोलले गेले आहे. घरकुल मिळावे म्हणून मोर्चे निघाले, यादीत नाव यावे म्हणून ग्रामसभांत भांडणे झाली, हप्ता अडला म्हणून पंचायत समितीच्या पायऱ्या झिजवल्या गेल्या. परंतु घर उभे राहिल्यावर, ज्याच्या नावावर ते उभे राहिले तो माणूसच मरण पावला तर त्या घराचे आणि घरातल्या माणसांचे काय होते, ह्याविषयी आपल्या सभांत, आपल्या नियतकालिकांत आणि आपल्या विहारांत फारसे कोणी बोलत नाही. प्रस्तुत लेख त्याविषयी आहे. माझे म्हणणे आरंभीच सांगून टाकते. स्लॅब पडला म्हणजे घरकुल पुरे झाले, ही आपली समजूत चुकीची आहे. मागे राहणाऱ्या माणसांची नावे कागदावर लागली म्हणजेच ते पुरे होते. तोवर ते सरकारने दिलेले दान असते. आणि दान कोणाच्या हाती जाईल हे दान घेणारा ठरवीत नसतो.

मी मुळशी तालुक्यातल्या एका बौद्धवाड्यातली. कॉलेजात शिकवते. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली, त्यामुळे वाड्यातले अर्ज, शपथपत्रे आणि दाखले वर्षानुवर्षे माझ्याकडे येत राहिले. दुसऱ्यांचे अर्ज लिहिणाऱ्या माझ्या स्वतःच्या घरात मात्र एक नाव लावायचे राहून गेले, आणि ते राहण्यात माझी सही होती. म्हणून हा लेख नुसत्या माहितीचा नाही, थोडा कबुलीचाही आहे.

१

कागदावरच्या नावाचे मोल मुळशीच्या माणसाला वेगळे शिकवायला नको. टाटा कंपनीच्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांच्या पुढाकाराने १९२१ ते १९२४ ह्या काळात मुळशीचा सत्याग्रह झाला. तरीही धरण झाले, आणि मुळशी पेट्यातली गावे पाण्याखाली गेली. त्या जमिनी कसणारे अनेक मावळे कुळे होते. कागदावर नावे पुण्याच्या सावकारांची होती. मोबदल्याची बोलणी कागदावरच्या मालकांशी झाली. बुडालेल्या गावांतल्या महारवाड्यांविषयी तर त्या इतिहासात फार थोडे लिहिले गेले आहे. ज्याचे नाव कागदावर नाही तो बुडाला तरी त्याची नोंद होत नाही, हा धडा ह्या तालुक्याने शंभर वर्षांपूर्वीच घेतला आहे.

नव्वदीनंतर ह्याच तालुक्यात हिंजवडीला माहिती तंत्रज्ञानाच्या कंपन्या आल्या. पिरंगुटला कारखाने वाढले. भूगाव-भुकूमपर्यंत पुणे शहर येऊन टेकले. मोसे खोऱ्यात लवासा उभे राहू लागले. एकरात मोजली जाणारी जमीन गुंठ्यात मोजली जाऊ लागली, आणि गळ्यात साखळी घातलेला गुंठामंत्री जन्माला आला. पूर्वी ज्या वाड्याकडे कोणी फिरकत नव्हते, त्या वाड्याच्या कडेने रस्ता रुंद होणार असे कळले की एजंट चहाला येऊ लागले. अशा तालुक्यात दोनशे चौरस फुटांच्या घरकुलाचा मालक मरतो, तेव्हा फक्त एक माणूस मरत नाही. एक सही मोकळी होते, आणि ती मिळवायला माणसे टपलेली असतात.

नाव एकाचे आणि राहणारे सगळे, ही सवय आपल्याला कुठून लागली, हेही पाहिले पाहिजे. माझ्या मते तिचे मूळ वतनात आहे. महार वतनात नाव एखाद्या थोरल्याचे असे, काम सगळी भावकी करी आणि मिळेल ते सगळी भावकी खाई. राहण्याची जागासुद्धा गावकीच्या कामाशी बांधलेली होती. ही बेडी तोडण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती सुचवणारे बिल मांडले. ही वतने प्रत्यक्षात रद्द झाली ती १९५८ च्या कनिष्ठ गाव वतन निर्मूलन कायद्याने. त्याचा अंमल १ ऑगस्ट १९५९ पासून सुरू झाला. आकाराच्या तिप्पट रक्कम भरून जमिनी परत मिळाल्या खऱ्या, पण त्या नवीन शर्तीवर. जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीवाचून हस्तांतर नाही. वतन गेले, तरी एका नावाखाली सगळ्यांनी दबून राहण्याची सवय गेली नाही. बापाचे नाव, त्याच्यामागे थोरल्या मुलाचे. बायकोचे नाव, मुलीचे नाव, सुनेचे नाव कागदावर कशाला, ती घरातच आहेत की! आपण असेच म्हणत आलो.

२

इंदिरा आवास योजना १९८५-८६ साली सुरू झाली, ती अनुसूचित जाती-जमाती आणि मुक्त केलेले वेठबिगार ह्यांच्यासाठी. १९९६ पासून ती स्वतंत्र योजना झाली. घर किमान २० चौरस मीटरचे, म्हणजे सुमारे २१५ चौरस फुटांचे. २०१६ साली तिच्या जागी प्रधानमंत्री आवास योजना आली आणि घर २५ चौरस मीटरचे, म्हणजे २६९ चौरस फुटांचे झाले. महाराष्ट्रात अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी समाजकल्याण खात्याची रमाई आवास योजना आहे. इंदिरा आवासच्या नियमातच लिहिले होते की घर घरातल्या स्त्रीच्या नावाने किंवा पती-पत्नी दोघांच्या नावाने द्यावे. पुढच्या योजनेतही तोच नियम राहिला. शिवाय २००३ साली राज्याच्या ग्रामविकास विभागाने परिपत्रक काढून गावातल्या घरांची नोंद पती-पत्नी दोघांच्या नावाने करावी असे सांगितले. ‘घर दोघांचे’ ह्या नावाने ते ओळखले जाते. त्याआधी, १९९० च्या सुमारास, शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीचे आंदोलन करून बायकांच्या नावे जमीन करण्याचा आग्रह धरला होता. ते चांगलेच काम होते. परंतु जिच्या नवऱ्याच्या नावावरच सातबारा नाही, तिला त्या आंदोलनात जागा नव्हती. आपल्या बायांसाठी ‘घर दोघांचे’ हीच खरी लक्ष्मीमुक्ती होऊ शकली असती. पण किती वाड्यांत ते परिपत्रक वाचले गेले?

माझ्या वडिलांना १९९७ साली घरकुल मिळाले. नियम काहीही असो, ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत नाव एकट्या वडिलांचे लागले. आईने पाया खणला, डोक्यावरून वाळू वाहिली, भिंतींवर पाणी मारले. तिचे नाव कुठेही नव्हते. २०१० साली वडील गेले. मी तेव्हा बी.ए. ला होते. भाऊ माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. शंभर रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर ‘माझा ह्या घरावर काही हक्क नाही’ असे लिहून माझी सही घेतली. भावाच्या आड कशाला यायचे, म्हणून मी ती आनंदाने दिली. आईला तर कोणी विचारलेही नाही. पंचायतीत नाव लागले ते एकट्या भावाचे. सगळ्यांना वाटले, काम झाले.

एप्रिल २०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत भाऊ गेला. मागे माझी वहिनी, दोन लहान मुले आणि आई. सरकारने जाहीर केलेले ५० हजारांचे साहाय्य मिळाले, त्यासाठी मृत्यूचा दाखला काढावा लागला म्हणून तो तरी हाती होता. पाचव्या महिन्यात चुलते घरी आले. म्हणाले, “जागा आमच्या आज्याची हाय. पोरगं गेलं, आता सुनंचं काय काम? तिनं माहेरी जावं. म्हातारीला आम्ही बघू.” रस्ता रुंद होणार अशी बोलवा उठून तेव्हा दोन महिने झाले होते.

चुलत्यांचे मला नवल वाटले नाही. मला हादरवले ते आईने. ती मला कोपऱ्यात घेऊन म्हणाली, “तिचं वय काय! उद्या दुसरं घर करील. मग तिचा नवरा हितं येऊन राहणार, आणि मी कुठं जाऊ?” मी रागावले. पण रात्री पडल्या पडल्या विचार केला तेव्हा कळले, की आई सुनेशी भांडत नव्हती. अकरा वर्षांपूर्वी आपले नाव लागले नाही, ह्या भीतीशी भांडत होती. एका छपराखाली दोन विधवा होत्या. दोघींपैकी एकीचेही नाव कागदावर नव्हते. म्हणून दोघींना एकमेकींची धास्ती होती. आपल्याकडे सासू-सुनेची भांडणे म्हणून जी हसण्यावारी नेली जातात, त्यांतली कितीतरी मुळात नोंदवहीतली भांडणे असतात.

३

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. हिंदू वारसा कायदा १९५६ चा. त्याच्या नावात हिंदू असले तरी तो बौद्धांनाही लागू आहे. ज्या हिंदू कोड बिलासाठी बाबासाहेबांनी १९५१ साली मंत्रिपद सोडले, त्याच बिलाचा तुकडा पुढे हा कायदा होऊन आला. आपण ती राजीनाम्याची गोष्ट जयंतीला सांगतो. पण त्या कायद्याचे कलम आपल्या वाड्यातल्या २१५ चौरस फुटांच्या घराला लागते, हे सांगत नाही.

मृत्युपत्र न करता पुरुष वारला तर त्याची पत्नी, मुलगे, मुली आणि आई हे पहिल्या वर्गातले वारस असतात, आणि ते सगळे एकाच वेळी, सारख्या वाट्याने वारस होतात. ह्यांपैकी एक जरी हयात असला तरी भाऊ, चुलते, पुतणे ह्यांना काहीही मिळत नाही. म्हणजे घरापुरते आमच्या चुलत्यांचे बोलणे पहिल्याच पायरीवर संपत होते. खालची जागा वडिलोपार्जित आणि सामाईक असेल तर तिचा प्रश्न वेगळा काढावा लागतो; पण जागेत हिस्सा असणे म्हणजे दुसऱ्याच्या बायकोला घराबाहेर काढण्याचा हक्क असणे नव्हे.

दुसरा प्रश्न पुनर्विवाहाचा. आपल्या जातींत विधवेचा पाट लागत असे, हे आपण अभिमानाने सांगतो. परंतु पाटाबरोबर पहिल्या नवऱ्याचे घर सुटत असे, हे सांगत नाही. १८५६ च्या विधवाविवाहाच्या कायद्यात पुनर्विवाह केल्यावर पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा हक्क जाईल असे कलम होते. ज्या जातींत पाटाची रूढी होती त्यांनाही मुंबईच्या उच्च न्यायालयाने ब्रिटिश काळात तोच नियम लावला. तो कायदा १९८३ मध्ये रद्द झाला. १९५६ च्या कायद्याने नवऱ्याच्या मृत्यूच्या क्षणी विधवेला मिळालेला वाटा तिच्या पूर्ण मालकीचा होतो. पुढे तिने लग्न केले म्हणून तो काढून घेता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली चेरोट्टे सुगथन खटल्यात स्पष्ट सांगितले. वहिनीने उद्या लग्न करावे की न करावे, हा तिचा प्रश्न. घराच्या वाट्याशी त्याचा संबंध नाही.

तिसरा प्रश्न माझ्या सहीचा. स्थावर मिळकतीतला हक्क सोडायचा तर हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावे लागते. साध्या स्टॅम्पपेपरवरच्या सहीने हक्क सुटत नाही. म्हणजे २०१० साली मी दिलेल्या सहीने माझा हक्क संपलाच नव्हता. तिने एवढेच झाले की आईचे नाव लावायची आठवण कोणाला राहिली नाही.

मग मी कागद घेऊन हिशेब मांडला. वडिलांचे वारस तिघे: आई, भाऊ आणि मी. प्रत्येकाचा तिसरा हिस्सा. भावाचा तिसरा हिस्सा त्याच्या चार वारसांत गेला: आई, वहिनी आणि दोन मुले. प्रत्येकी बारावा हिस्सा. एकूण आईचे बारापैकी पाच, माझे चार, वहिनीचा एक आणि मुलांचा एकेक. २१५ चौरस फुटांचा बारावा भाग म्हणजे जेमतेम अठरा चौरस फूट. सहा फूट लांब, तीन फूट रुंद: एक बाज टाकण्याइतकी जागा. जी त्या घरात रोज चूल पेटवते तिच्या वाट्याला एक बाज, आणि मी, जी पुण्यात भाड्याच्या खोलीत राहते, तिच्या वाट्याला चार!

हा हिशेब इथे मुद्दाम दिला आहे. समान वाटा म्हणजे सुरक्षित घर, असे नव्हे. वाटा विकता येतो, वाटणीचा दावा लावता येतो, आणि एवढ्याशा घराची वाटणी म्हणजे शेवटी विक्रीच. म्हणून मालकीच्या कायद्याबरोबर राहण्याच्या हक्काचा कायदा पाहावा लागतो. तो २००५ चा, कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा. स्त्री ज्या घरात नांदली त्या घरात तिचा मालकीहक्क असो वा नसो, तिला तिथे राहण्याचा हक्क आहे, आणि कायदेशीर मार्गावाचून तिला बाहेर काढता येत नाही. २०२२ साली प्रभा त्यागी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा हक्क नवऱ्याच्या मृत्यूनंतर विधवेलाही असल्याचे मान्य केले. आणि मुलांच्या वाट्याचे म्हणाल, तर अज्ञान मुलाची स्थावर मिळकत आईलाही न्यायालयाच्या परवानगीवाचून विकता येत नाही. एजंटाने वहिनीचा अंगठा मिळवला असता तरी मुलांचे वाटे त्याच्या हाती लागले नसते. हे त्याला ठाऊक होते; वहिनीला नव्हते.

४

घरकुलाचे प्रकरण अवघड होते ते ह्यामुळे, की एका घराचे कागद चार ठिकाणी असतात आणि एकाला दुसऱ्याची खबर नसते.

पहिला कागद मृत्यूच्या नोंदीचा. १९६९ च्या कायद्याप्रमाणे मृत्यू २१ दिवसांच्या आत कळवायचा असतो. गावात ही नोंद ग्रामसेवकाकडे होते. वर्ष उलटून गेले की दंडाधिकाऱ्याच्या आदेशावाचून नोंद होत नाही. मृत्यूचा दाखला नसेल तर पुढचा एकही कागद हलत नाही.

दुसरा कागद ग्रामपंचायतीचा नमुना नंबर आठ. वारसांचे शपथपत्र आणि मृत्यूचा दाखला जोडून अर्ज करायचा, मासिक सभेत ठराव व्हायचा, मग नाव लागते. मात्र नमुना आठ हा कराचा कागद आहे, मालकीचा नव्हे. न्यायालयात तो एकटा पुरत नाही. तरीही गावात घर कोणाचे हे तोच कागद बोलतो, म्हणून तो सोडायचा नाही.

तिसरा कागद जागेचा. जागा सातबाऱ्यावर असेल तर वारस नोंदीची वर्दी तलाठ्याकडे तीन महिन्यांत द्यावी, असे जमीन महसूल कायदा सांगतो. २०२५ साली राज्याने मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लावण्यासाठी ‘जिवंत सातबारा’ मोहीम काढली. पण ज्याला सातबाराच नाही, त्याला जिवंत करणार कसे? गावठाणातल्या घरांसाठी २०२० पासून स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी होऊन मिळकत पत्रिका दिली जात आहे. ह्या कामाचा आरंभीचा प्रयोग आपल्याच जिल्ह्यात, पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीला झाला. चौकशी अधिकारी गावात येतो त्या दिवशी जे नाव सांगितले जाते ते पुढे वर्षानुवर्षे राहते. त्या दिवशी घरात पुरुष नाही म्हणून विधवेने चुलत सासऱ्याला पुढे केले, की संपले. गायरानावरच्या घरांचे आणखी कठीण. १ जानेवारी २०११ पूर्वीची निवासी अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय राज्याने २०१८ साली घेतला. पण त्या तारखेपूर्वीचा पुरावा असतो मेलेल्या माणसाच्या नावाचा. घरपट्टीच्या पावत्या, विजेची बिले, जुनी रेशनपत्रिका हे रद्दीत टाकायचे कागद नव्हेत. वारसाला मेलेल्याशी जोडणारा धागा तोच असतो.

चौथा कागद योजनेचा. बांधकाम अर्धे असताना लाभार्थी वारला तर हप्ता त्याच्याच बँक खात्याशी बांधलेला असतो. पंचायत समितीकडे वारसाच्या नावाने अर्ज केल्यावाचून तो सुटत नाही. मुळशीत त्यासाठी पौडला खेटे घालावे लागतात, आणि दर खेपेला एक मजुरी बुडते. आणि सगळ्यांत मोठा घात पुढेच आहे. एकदा लाभ घेतलेल्या कुटुंबाला पुन्हा घरकुल नाही. नवे घर मिळवण्यासाठी जी वंचिततेची मोजणी झाली, तीत घरात १६ ते ५९ वयाचा पुरुष नसणे हा एक निकष होता. म्हणजे घर मिळवताना विधवापण मोजले जाते. परंतु मिळालेल्या घरातून ती बाहेर पडली, तर कागद तिला सांगतो की तुझ्या कुटुंबाला पक्के घर आहे. घर आहे, पण ती त्यात नाही!

वारसांत वादच असेल तर न्यायालयातून वारस दाखला काढता येतो. त्याचा नियम आपल्या मुंबई इलाख्यात १८२७ सालापासून आहे. पण तिथवर जाण्याची वेळ येऊ न देणे हेच शहाणपणाचे.

हा प्रश्न मुळशीचाच आहे असे नाही. शहरात तो ह्याहून क्रूर रूप घेतो. नगरपालिकांच्या सफाई कामगार वसाहतींतली घरे नोकरीशी बांधलेली असतात. कामगार वारला की कुटुंबापुढे पेच पडतो: मुलाच्या हाती झाडू द्यावा, की खोली सोडावी? लाड-पागे समितीच्या शिफारशींप्रमाणे वारसाला नोकरी मिळण्याची तरतूद आहे; २०२३ साली शासनाने तिचे एकत्रित आदेश काढले. ही तरतूद लढून मिळवलेली आहे आणि उपाशी घराला ती हवी असते, हे मी जाणते. परंतु घर राखायचे तर झाडू राखायचा, ही अट म्हणजे वतनच नव्हे काय? दूर इंग्लंडात नगरपालिकांची भाड्याची घरे आहेत. तिथे १९८५ च्या कायद्याने भाडेकरू वारल्यावर जोडीदाराला ते घर चालते, पण असा वारसा साधारणपणे एकदाच. २०१२ नंतरच्या भाडेकरूंच्या बाबतीत जोडीदाराखेरीज इतर नातेवाइकांचा हा कायद्याने मिळणारा हक्कही काढून घेतला गेला. म्हणजे श्रीमंत देशातही सरकारी घरातल्या माणसाला शोकाच्या दिवसांत हाच प्रश्न पडतो: आता ह्या घरात मी कोण?

५

आमच्या घराचे पुढे असे झाले. आई, वहिनी, दोन मुले आणि मी अशा पाच नावांचा अर्ज दिला. चुलत्यांनी हरकत घेतली. आठ महिन्यांनी मासिक सभेत ठराव झाला आणि पाचही नावे लागली; मुलांच्या नावापुढे ‘अ. पा. क.’ म्हणून वहिनीचे नाव. त्या दिवशी आईने आयुष्यात पहिल्यांदा आपले नाव सरकारी कागदावर घरमालकाच्या रकान्यात पाहिले. तिला वाचता येत नाही. मी बोट ठेवून दाखवले. ती पुष्कळ वेळ त्या बोटाकडे पाहत राहिली, आणि मग वहिनीला म्हणाली, “तुझं कुठाय?” त्या दिवसापासून माहेरी जाण्याचा विषय घरात निघाला नाही.

माझा तिसरा हिस्सा मी अजून सोडलेला नाही. माझ्या सहीवाचून घर विकले जाऊ नये, हे त्याचे कारण. मुले सज्ञान होईपर्यंत तो ठेवायचा असे मी ठरवले आहे, आणि तो त्यांनाच मिळावा असे मृत्युपत्रही केले आहे. त्याला स्टॅम्प लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही. दोन साक्षीदार पुरतात. परंतु मध्यंतरी वहिनीने विचारले, “ताई, तुमचं नाव आणखी किती दिवस ठेवणार?” तिच्या बोलण्यात राग नव्हता. तरी मी चपापले. राखण करणारा आणि धरून ठेवणारा बाहेरून सारखेच दिसतात. चुलतेही ‘म्हातारीला आम्ही बघू’ असेच म्हणत होते. ह्या प्रश्नाचे पुरते उत्तर माझ्याजवळ नाही. आईला मी सांगितले आहे, की राहते घर मृत मुलाच्या पत्नीला बक्षीसपत्राने द्यायचे तर मुद्रांक शुल्क अवघे २०० रुपये आहे. ती म्हणते, “बघू.” तिची भीती अजून पुरती गेलेली नाही, आणि तिला घाई करण्याचा अधिकार मला नाही.

एक गोष्ट मात्र आपण सगळे मिळून करू शकतो. आपल्याकडे माणूस गेला की जलदान विधीला सगळा वाडा जमतो. पुण्यानुमोदन होते, चार माणसे बोलतात, जेवणे होतात. हा दिवस बहुतेक वेळा मृत्यूच्या नोंदीच्या २१ दिवसांच्या आतच येतो. त्या दिवशी, त्याच सभेत, वाड्यातल्या कोणी शिकलेल्या मुलाने किंवा मुलीने उठून चार प्रश्न विचारावेत. मृत्यूची नोंद झाली का? घर कोणाच्या नावावर आहे? मागे कोण कोण आहेत? अर्ज कोण लिहिणार? आणि सगळ्यांच्या देखत पहिले नाव विधवेचे लिहावे. चार माणसांसमोर लिहिलेले नाव एकांतात खोडणे सोपे नसते. त्याच सभेत आणखी एक सांगावे, की शोकाच्या दिवसांत कोणीही कोऱ्या कागदावर सही वा अंगठा देऊ नये, मग मागणारा सख्खा असो. आणि जे जिवंत आहेत त्यांनी मरणाची वाट कशाला पाहायची? ‘घर दोघांचे’ करून घ्यायला एक अर्ज पुरतो.

परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत बाबासाहेबांचे कुटुंब राहत होते. १९१३ च्या फेब्रुवारीत रामजी सुभेदार वारले आणि त्याच वर्षी बाबासाहेब अमेरिकेला गेले. मागे रमाईने कसे दिवस काढले, ते आपण गाण्यांतून ऐकत आलो. आज तिच्या नावाने घरकुले आहेत. तिच्या नावाच्या घरातून एखादी बाई नवरा गेला म्हणून दोन मुलांचे हात धरून बाहेर पडत असेल, तर त्या घराला रमाईचे नाव देण्यात काय अर्थ उरला? पुढच्या जलदानाला जाताना प्रत्येकाने खिशात एक पेन आणि दोन कोरे कागद ठेवावेत. ते कोरे कागद सही घेण्यासाठी नसावेत, नावे लिहिण्यासाठी असावेत.